मूलपेशींच्या संशोधनात अभियंत्याचे काम नेमके काय असते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ठाण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात. घरातील एका व्यक्तीवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाल्यापासून तुम्हाला मूलपेशींच्या, म्हणजेच स्टेम सेलच्या, संशोधनाची ओढ लागली आहे. मात्र जीवशास्त्र दहावीनंतर सुटले. त्यामुळे या क्षेत्रात अभियंत्याला खरे संशोधन करता येते, की उपकरणे बसवणे आणि बिघडली की दुरुस्त करणे एवढेच त्याच्या वाट्याला येते, असे तुम्ही विचारले आहे. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा अभियंता आहे. पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळा, त्यांतील इन्क्युबेटर, बायोरिॲक्टर (पेशी द्रवात वाढवण्याची टाकी) आणि हवा शुद्ध ठेवणाऱ्या यंत्रणा यांची रचना व देखभाल हे काम मी नवी मुंबईत बरीच वर्षे करत आलो आहे, आणि त्याच अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे आणि ते आधी तपासायला हवे. जीवशास्त्रज्ञ प्रयोग करतो आणि अभियंता त्या प्रयोगाला लागणारी साधने पुरवतो, अशी कामाची वाटणी तुमच्या मनात दिसते. अनेक क्षेत्रांत ती बऱ्याच अंशी खरीही आहे. मूलपेशींच्या बाबतीत मात्र ती टिकत नाही, कारण या पेशींचा स्वभावच वेगळा आहे. त्वचेची पेशी संवर्धनात जिवंत राहिली आणि वाढली, की बरेचसे काम साधले असे म्हणता येते. मूलपेशीला मात्र प्रत्येक विभाजनाच्या वेळी आपल्यासारखीच मूलपेशी निर्माण करायची, की स्नायू, हाड, चेता अशा एखाद्या ठरावीक पेशीच्या दिशेने जायचे, हे ठरवायचे असते. हा निर्णय ती केवळ द्रवात मिसळलेल्या प्रथिनांवरून घेत नाही. आपण कशावर बसलो आहोत, तो पृष्ठभाग किती कडक आहे, भोवतालचा द्रव किती जोराने वाहतो आहे, ऑक्सिजन किती मिळतो आहे आणि शेजारी किती पेशी आहेत, हे सर्व ती जोखत असते. म्हणजे परिस्थिती हीच तिला मिळालेली सूचना असते, आणि परिस्थिती मोजणे व ती ठरवल्याप्रमाणे राखणे हे अभियांत्रिकीचे मूळ काम आहे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा २००६ साली मिळाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲडम एंगलर, डेनिस डिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेतील मानवी मेसेन्कायमल मूलपेशी (हाड, कूर्चा, चरबी अशा ऊतींच्या पेशी घडवू शकणाऱ्या) वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. पोषणद्रव्य सगळीकडे एकच होते, बदलला होता तो फक्त जेलचा कडकपणा. सुमारे ०.१ ते १ किलोपास्कल इतक्या मऊ, म्हणजे मेंदूच्या ऊतीसारख्या, जेलवर पेशींना चेतापेशींसारखे फाटे फुटू लागले. ८ ते १७ किलोपास्कलच्या जेलवर त्या स्नायूच्या दिशेने गेल्या, आणि २५ ते ४० किलोपास्कलच्या जेलवर त्यांच्यात हाड घडवणाऱ्या पेशींची लक्षणे दिसू लागली. पेशी आपल्या आतील मायोसिन या प्रथिनाच्या साहाय्याने पृष्ठभागाला ओढून पाहते आणि त्याचा प्रतिकार अजमावते. हे मायोसिन रसायनाने निष्क्रिय केले, तर पेशीला कडकपणा कळेनासा होतो. तुम्ही प्रतिबल आणि विकृती शिकला आहात, यंगचा स्थिरांक शिकला आहात. इथे त्याच राशी पेशीचे भवितव्य ठरवताना दिसतात. आता हेही लक्षात घ्या, की आपण प्रयोगशाळेत रोज वापरतो त्या पॉलिस्टायरिनच्या डिशचा कडकपणा सुमारे ३ गिगापास्कल असतो, म्हणजे हाडाच्या दिशेने नेणाऱ्या त्या जेलच्या सुमारे एक लाख पट. इतक्या कठीण प्लास्टिकवर वाढवलेल्या पेशींवरून शरीरातील पेशींविषयी निष्कर्ष काढताना किती सावध राहायला हवे, हे यावरून समजते.

याच वाटेने पुढे गेलेले ग्लासगोमधील काम तुम्ही अवश्य पाहावे. तेथील संशोधकांनी मेसेन्कायमल मूलपेशींना सेकंदाला १००० वेळा, केवळ ३० नॅनोमीटरच्या आसपास हलवले, आणि हाडाकडे नेणारी रसायने न घालताही त्या हाडाच्या दिशेने गेल्या. इतके सूक्ष्म कंपन खरोखर तेवढेच आहे ना आणि डिशच्या प्रत्येक भागात सारखे आहे ना, हे तपासण्यासाठी त्यांनी लेझर इंटरफेरोमेट्री, म्हणजे लेझरच्या प्रकाशलहरींनी अतिसूक्ष्म हालचाल मोजण्याचे तंत्र, वापरली. या तंत्रातील त्यांचे कौशल्य गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी चाललेल्या कामातून आले होते. इतके अचूक कंपन घडवणारी व्यक्ती त्या गटात नसती, तर हा प्रश्नच कोणाला विचारता आला नसता. म्हणून अभियंता संशोधन करतो का, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे.

आता रोजच्या कामाकडे वळतो, कारण तुम्हाला बहुतेक वेळ तिथेच घालवावा लागेल. कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर हे दिसायला साधे कपाट असते. आत ३७ अंश सेल्सियस तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ९५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता. कार्बन डायऑक्साइड हवा असतो तो पोषणद्रव्यातील बायकार्बोनेटशी तोल राखून सामू (पीएच) ७.२ ते ७.४ च्या दरम्यान ठेवण्यासाठी. हा वायू मोजण्याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. उष्णतावहनावर चालणाऱ्या सेन्सरचे वाचन आर्द्रता बदलली की चुकते, त्यामुळे दार वारंवार उघडले जात असेल तर तो फसतो. इन्फ्रारेड सेन्सरवर हा परिणाम फारच कमी होतो. दिवसभर सतत दार उघडले जाणाऱ्या प्रयोगशाळेत मी नेहमी इन्फ्रारेडचाच आग्रह धरतो.

ऑक्सिजनचा प्रश्न याहून गहन आहे. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशी अस्थिमज्जेत जिथे राहतात, तिथे तो साधारण १ ते ६ टक्के असतो. म्हणून अनेक गट इन्क्युबेटरमध्ये नायट्रोजन सोडून ऑक्सिजन ५ टक्क्यांवर आणतात आणि पडद्यावर ५ हा आकडा दिसला की निश्चिंत होतात. परंतु तो आकडा कपाटातील हवेचा असतो. पेशी असते ३ मिलिमीटर खोल द्रवाच्या तळाशी, आणि ऑक्सिजनची द्रवातील गती फार मंद असते. विसरणाचे साधे गणित मांडले, तर हवेतील बदल तळापर्यंत बहुतांशी पोहोचायला पाऊण तास लागतो. मधल्या काळात कोणी दार उघडले, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय पेशी दाट असतील तर त्या स्वतःच इतका ऑक्सिजन खर्च करतात, की तळाशी त्याचे प्रमाण हवेतल्यापेक्षा बरेच कमी होते. दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळत नाहीत तेव्हा पुष्कळदा पेशींना किंवा रसायनांना दोष दिला जातो. मी मात्र आधी द्रवाची खोली, पेशींची घनता आणि दार उघडण्याच्या नोंदी मागतो.

आपल्या भागातील परिस्थितीचा यावर होणारा परिणामही मोठा आहे. पावसाळ्यात ठाणे आणि नवी मुंबईत बाहेरच्या हवेची आर्द्रता कित्येक दिवस ९० टक्क्यांच्या आसपास राहते. एसीच्या झोताखाली इन्क्युबेटर ठेवला, तर त्याचे दार थंड पडते, आतल्या बाजूला पाणी सुटते आणि बुरशीला आयती जागा मिळते. यंत्र बदलण्याआधी त्याची जागा बदलावी, हा सल्ला मी सर्वाधिक वेळा दिला असेल. दुसरी बाब औद्योगिक पट्ट्याची. हवेतील सूक्ष्म कण गाळणारा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो, पण रंगांचा किंवा द्रावकांचा वास वायुरूप असतो आणि तो त्यातून सरळ आत येतो. महापे, रबाळे, तुर्भे या पट्ट्यात प्रयोगशाळा उभारताना हवेच्या यंत्रणेत सक्रिय कार्बनच्या फिल्टरची जागा आराखड्यातच राखून ठेवावी लागते. ती जागा नंतर तयार करणे फार खर्चाचे होते.

इथपर्यंत मी एका डिशमधील पेशीविषयी बोललो. पुढचा प्रश्न संख्येचा आहे, आणि माझ्या मते अभियंत्याची सर्वाधिक गरज तिथेच आहे. २००६ साली शिन्या यामानाका यांनी उंदराच्या आणि २००७ साली मानवाच्या प्रौढ पेशी चार जनुकांच्या साहाय्याने पुन्हा मूलपेशीसारख्या अवस्थेत नेल्या, आणि या कामासाठी २०१२ साली त्यांना जॉन गर्डन यांच्याबरोबर नोबेल मिळाले. अशा पेशींपासून तयार केलेली ऊती माणसात बसवण्याचा पहिला प्रयत्न २०१४ साली जपानमधील कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने केला, तो डोळ्यातील दृष्टिपटलावर. बसवलेला पापुद्रा जेमतेम १.३ गुणिले ३ मिलिमीटरचा होता. डोळा निवडण्यामागे इतर वैद्यकीय कारणेही होती, परंतु तिथे पेशी थोड्याच लागतात ही सोय मोठी होती. याउलट हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात हृदयाच्या सुमारे एक अब्ज स्नायुपेशी नष्ट होऊ शकतात. ७५ चौरस सेंटिमीटरच्या एका फ्लास्कमध्ये अशा मूलपेशी साधारण एक कोटी मिळतात. म्हणजे एका रुग्णासाठी शंभर फ्लास्क, तेही वाटेत एकही पेशी वाया जात नाही असे धरून, आणि प्रत्येक फ्लास्कचे द्रव माणसाने हाताने बदलायचे. ढवळणाऱ्या पंख्याच्या बायोरिॲक्टरमध्ये मात्र एका मिलिलिटरला दहा लाख पेशी वाढवता आल्या, तर तेवढ्याच पेशी एका लिटरात मावतात.

ही सुटका वाटते तितकी सोपी नाही. या पेशी द्रवात एकेकट्या तरंगत नाहीत, त्यांचे गोळे होतात. गोळा ३०० ते ४०० मायक्रॉनच्या पलीकडे गेला, की मध्यभागी ऑक्सिजन पोहोचत नाही, आतल्या पेशी मरू लागतात किंवा नको त्या दिशेने बदलू लागतात. गोळे लहान ठेवण्यासाठी जोराने ढवळले, तर द्रवाच्या घासण्याने पेशींना इजा होते. द्रवात तयार होणाऱ्या सर्वांत लहान भोवऱ्यांचा आकार कोल्मोगोरोव्हच्या सूत्राने काढता येतो. एका घनमीटरला एक वॅट इतक्या शक्तीने ढवळले, तर तो १५० मायक्रॉनच्या आसपास येतो, म्हणजे जवळजवळ पेशींच्या गोळ्याएवढा. भोवरे गोळ्यापेक्षा बरेच लहान होऊ लागले, की नुकसान सुरू होते.

आणि मग मोठ्या टाकीचा प्रश्न येतो. १०० मिलिलिटरमध्ये उत्तम चाललेली प्रक्रिया त्याच आकाराच्या १० लिटरच्या टाकीत नेली, तर लांबी-रुंदी ४.६ पट होते आणि द्रवाच्या प्रत्येक लिटरमागे मिळणारा वरचा पृष्ठभाग जवळजवळ एक पंचमांश उरतो. लहान भांड्यात वरूनच विरघळणारा ऑक्सिजन आता पुरत नाही, बुडबुडे सोडावे लागतात, आणि बुडबुडा फुटतो तेव्हा जवळच्या पेशींना इजा होते. दर लिटरमागची शक्ती तशीच ठेवली, तर पंख्याच्या टोकाचा वेग सुमारे १.७ पट होतो. टोकाचा वेग तसाच ठेवला, तर मिश्रण व्हायला आणखी वेळ लागतो आणि टाकीच्या एका कोपऱ्यात सामू वेगळाच राहतो. सर्व गोष्टी एकाच वेळी स्थिर ठेवता येत नाहीत. त्यांतील कोणती सांभाळायची आणि कोणती सोडायची, हे त्या विशिष्ट पेशीला काय सोसते यावर अवलंबून असते. ते पुस्तकातून कळत नाही. त्यासाठी जीवशास्त्रज्ञाशेजारी बसून एकेक घटक बदलत प्रयोग करावे लागतात. तुमचे फ्लुइड मेकॅनिक्स आणि हीट ट्रान्सफर इथे शब्दशः उपयोगी पडते.

याला जोडून वीजपुरवठ्याविषयी एक गोष्ट सांगतो. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतच्या अवधीत तापमान फारसे ढळत नाही, कारण द्रव उष्णता धरून ठेवतो. पण पंखा थांबताच पेशींचे गोळे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे तळाशी बसून एकमेकांना चिकटू लागतात, आणि नंतर पंखा पुन्हा सुरू झाला तरी ते सहज सुटे होत नाहीत. म्हणून यूपीएसची क्षमता अपुरी असेल, तर मी पहिला हक्क ढवळणाऱ्या मोटरला आणि तिच्या नियंत्रकाला देतो, हीटरला नंतर. वीज परतल्यावर नियंत्रक जुन्याच वेगाने आपोआप सुरू होतो की कोणीतरी बटण दाबण्याची वाट पाहत थांबतो, हेही बसवण्याच्या दिवशीच तपासून घ्यायला हवे.

पेशी निवडणाऱ्या यंत्रांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर स्वतंत्रपणे बरेच लिहिता येईल. अस्थिमज्जेत रक्ताची खरी मूलपेशी दहा हजारांत एखादी किंवा त्याहूनही विरळ असते. ती वेगळी काढणारे सेल सॉर्टर हे यंत्र १९६५ साली लॉस अलामॉस येथे मॅक फुलवायलर यांनी बांधले. त्यातील विद्युतभारित थेंब वळवण्याची कल्पना स्टॅनफर्डमधील रिचर्ड स्वीट यांच्या शाईफवारणीच्या छपाईतून आली होती. १९८८ साली उंदरातील रक्त-मूलपेशी वेगळ्या केल्या गेल्या, त्यामागे याच जातीचे यंत्र होते.

गोठवण्याकडे मात्र नवशिके अभियंते दुर्लक्ष करतात, आणि ते मला खटकते. पेशी साधारणपणे १० टक्के डीएमएसओ (गोठताना होणाऱ्या इजेपासून पेशींना वाचवणारे रसायन) घालून मिनिटाला एक अंश या गतीने थंड करतात. गती जास्त झाली तर पेशीच्या आत बर्फ होते. फार कमी झाली तर पाणी बाहेर निघून जाते आणि आत क्षारांची तीव्रता वाढते. पाणी गोठते त्या क्षणी सुप्त उष्णता बाहेर पडून नमुन्याचे तापमान उलट वर उसळते, म्हणून चांगले यंत्र नेमक्या त्या वेळी थंडावा वाढवते. पुढे नमुने द्रव नायट्रोजनच्या वाफेत, उणे १५० अंशांच्या खाली ठेवतात. वाहतुकीसाठीचे ड्राय शिपर, म्हणजे द्रव नायट्रोजन शोषून धरणारे थंड भांडे, उभे ठेवले तर कित्येक दिवस थंड राहते, आडवे पडले तर ती मुदत झपाट्याने घटते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून टेम्पोत पाठवताना ते पट्ट्याने उभे बांधले आहे ना, हे पाहणे तितकेच महत्त्वाचे आहे. सुरक्षिततेचाही विसर पडू देऊ नका. एक लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो, आणि बंद खोलीत तो ऑक्सिजनला हटवतो. त्या खोलीत १९.५ टक्क्यांना वाजणारा ऑक्सिजनचा गजर नसेल, तर तिथे मी कोणालाही काम करू देत नाही.

तुमच्या वाट्याला यांतील काय येईल, हे पुष्कळ अंशी संस्थेवर अवलंबून आहे. शैक्षणिक प्रयोगशाळेत स्वतःचे उपकरण घडवायला वाव असतो, पण पैसा आणि माणसे थोडी असतात. कंपनीत प्रक्रिया मोठी करणे, तिची पुनरावृत्ती सिद्ध करणे आणि प्रत्येक बॅचच्या नोंदी राखणे हे काम अधिक असते. रुग्णालयातील प्रत्यारोपण विभागात विश्वासार्हता सर्वांत वर. आपल्याकडे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची परंपरा १९८३ साली टाटा मेमोरियलमध्ये सुरू झाली, आणि खारघरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र त्याच संस्थेचा भाग आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आयआयटी मुंबईतून उगम पावलेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरील उपचाराला मान्यता मिळाली. त्यातील पेशी मूलपेशी नव्हेत, रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशी आहेत, परंतु पेशी हेच औषध म्हणून तयार करण्यासाठी लागणारे अभियांत्रिकी कौशल्य बरेचसे सामाईक आहे.

एक इशारा मात्र ठामपणे देतो. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले, तर रुग्णांवर मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. गुडघेदुखीपासून स्वमग्नतेपर्यंत सर्वांवर मूलपेशींचे इंजेक्शन विकणाऱ्या ठिकाणी नोकरी आली, तर पगार कितीही असला तरी ती स्वीकारू नका.

जीवशास्त्र सुटले याची भीती बाळगू नका, पण ते टाळूही नका. ज्याने स्वतःच्या हाताने काही महिने पेशी वाढवल्या नाहीत, त्याला यंत्रात काय चुकते आहे ते दिसत नाही. पुढील शिक्षणासाठी गेट देऊन आयआयटी मुंबईचा बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग विभाग किंवा माटुंग्याच्या आयसीटीमधील (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) बायोप्रोसेसचा अभ्यासक्रम, या दोन वाटा तुमच्या घरापासून लोकलच्या अंतरावर आहेत. प्रवेशाच्या अटी शाखेनुसार बदलतात, त्या आधी पाहून घ्या.

त्याआधी अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून एक काम सुचवतो. त्याला मूलपेशी लागत नाहीत आणि कोणत्याही परवानगीची गरज पडत नाही. जवळच्या एखाद्या महाविद्यालयाच्या जैवतंत्रज्ञान विभागातील इन्क्युबेटर मागून घ्या. फ्लास्कमध्ये पेशींऐवजी नुसते पोषणद्रव्य भरा आणि तापमान मोजणारे बारीक थर्मोकपल व ऑक्सिजनचा सेन्सर वापरून स्वतःचा डेटा लॉगर तयार करा. दार १० सेकंद, ३० सेकंद आणि एक मिनिट उघडे ठेवल्यावर पूर्वस्थिती यायला किती वेळ लागतो, वरच्या आणि खालच्या फळीत किती फरक पडतो, द्रवाची खोली २ वरून ४ मिलिमीटर केली तर काय होते, हे मोजा, आणि तुमच्या गणिताने आलेल्या उत्तराशी ताडून पाहा. सेन्सर मात्र कपाटातल्या हवेत टांगू नका, तो फ्लास्कच्या तळाशी, पेशी जिथे बसतात तिथे लावा.